मैदान, सभागृहाची चावी आणि कार्यक्रमांची वही: फुरसुंगी-उरुळी देवाची नगरपरिषदेस खुले पत्र

प्रति,
मा. नगराध्यक्ष, सर्व सन्माननीय नगरसेवक व नगरसेविका आणि मा. मुख्याधिकारी,
फुरसुंगी-उरुळी देवाची नगरपरिषद, जिल्हा पुणे

विषय : शहरातील मैदाने, सार्वजनिक कार्यक्रम आणि स्वयंसेवी कामाची घडी बसवण्याबाबत

महोदय, महोदया,
सप्रेम नमस्कार.

मी भेकराईनगरात सोळा-सतरा वर्षे राहणारी एक नोकरदार गृहिणी आहे. कोणत्याही पक्षाची किंवा संस्थेची पदाधिकारी नाही. आमच्या इमारतीतील आणि आसपासच्या वस्तीतील काही जण मिळून वर्षातून तीन-चार सार्वजनिक कामे करतो, त्या अनुभवावरून हे पत्र लिहिते आहे. पत्र खुले ठेवण्याचे कारण असे की यातील निम्म्या गोष्टी नगरपरिषदेने करायच्या आहेत आणि उरलेल्या निम्म्या आम्ही नागरिकांनी, आणि दोघांनीही एकमेकांसमोर दिलेला शब्द चारचौघांना माहीत असलेला बरा.

आपले गाव थोड्या काळात तीन कारभारांखालून गेले. ऑक्टोबर २०१७ पर्यंत येथे ग्रामपंचायती होत्या, त्यानंतर अकरा गावांच्या समावेशात आपण पुणे महानगरपालिकेत गेलो आणि २०२४ मध्ये फुरसुंगी व उरुळी देवाची ही दोन गावे वेगळी काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. आपण सर्व जण तिच्या पहिल्या निवडून आलेल्या सभागृहाचे सदस्य आहात. पाणी, रस्ते, सांडपाणी आणि कचरा हे प्रश्न आपल्यासमोर आ वासून उभे आहेत याची मला पूर्ण जाणीव आहे, आणि टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला बागेचे महत्त्व सांगू नये एवढे भान मलाही आहे. तरीही मैदान, सभागृह आणि सणवार यांचा विषय ‘आधी बाकीचे होऊ द्या, मग बघू’ या कप्प्यात टाकला जाऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. पाण्याची योजना व्हायला काही वर्षे आणि मोठा निधी लागतो. मी पुढे जे मागते आहे त्याला बहुतांशी एक ठराव, एक नोंदवही आणि दोन-तीन कर्मचाऱ्यांचे थोडे लक्ष एवढेच लागते. शिवाय एकमेकांना ओळखणारी माणसेच पाण्यासाठी आणि रस्त्यासाठीही एकत्र उभी राहतात, हे या गावाने स्वतःच्या अनुभवातून पाहिलेले आहे.

हा विषय ऐच्छिक सौजन्याचाही नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला जी बारावी अनुसूची जोडली, तिच्यात नागरी स्थानिक संस्थांकडे सोपवता येतील असे अठरा विषय आहेत. त्यातील बारावा विषय उद्याने, बागा आणि खेळाची मैदाने यांच्यासारख्या नागरी सुविधांचा आणि तेरावा सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींना चालना देण्याचा आहे. पाणीपुरवठा त्याच यादीत पाचवा आहे. म्हणजे घटनेने हे सर्व एकाच पानावर लिहिले आहे.

आता ज्या एका दिवसामुळे मी या कामात पडले, त्याविषयी थोडे सविस्तर लिहिते.

श्री ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्यातील दोन मुक्काम आटोपून निघते. हडपसरला तुकोबारायांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे जाते आणि माउलींची पालखी आपल्या सासवड रस्त्याला लागते. भेकराईनगर, मंतरवाडी, उरुळी देवाची, वडकी नाला आणि मग दिवे घाट, असा तो सबंध वारीतील सर्वांत लांब टप्प्यांपैकी एक. आम्ही येथे नवीन होतो तेव्हा इमारतीतील सोळा कुटुंबांनी ठरवले की वारकऱ्यांना न्याहारी द्यायची. पहाटे तीनपासून पुऱ्या तळल्या, कांदा-लसणाची बटाट्याची भाजी केली, कागदी पुड्या बांधल्या आणि उजाडता उजाडता रस्त्याच्या कडेला टेबल मांडले. पहिली दिंडी आली. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या एका आजींनी माझ्या हातातील पुडीला नुसता हात लावला, तो कपाळाला लावला आणि म्हणाल्या, “माउली, आज एकादशी हाय.”

आषाढी एकादशी आम्हाला ठाऊक होती. आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघालेली पालखी आपल्या रस्त्यावर येते तो दिवस बहुधा ज्येष्ठ वद्य एकादशीचाच असतो, हे मात्र सोळा घरांतील एकालाही सुचले नव्हते. टेबलावर साडेतीनशे पुड्या रचलेल्या आणि समोरून उपाशी माणसे नमस्कार करून पुढे जात होती. मला तेव्हा अक्षरशः रडू फुटले. समोर भाजीची पाटी घेऊन बसणाऱ्या, मूळ गावातील एका मावशींनी हे पाहिले, त्या काही न बोलता उठल्या आणि तासाभरात गावठाणातील घराघरांतून भाजलेले शेंगदाणे, गूळ, केळ्यांचे घड आणि दोन मोठी पातेली भरून ताक आमच्या टेबलावर आले. त्या घरांपैकी एकाचाही उंबरा आम्ही तोवर ओलांडलेला नव्हता. आमच्या पुऱ्या बंदोबस्तावरचे पोलीस, बसचालक आणि सफाई कामगार यांनी आनंदाने खाल्ल्या, त्यामुळे अन्न वाया गेले नाही. पुढच्या वर्षीपासून वाटणी ठरून गेली. गावातील बायका राजगिऱ्याचे आणि शेंगदाण्याचे लाडू वळतात, इमारतीतील मंडळी ताक, पाणी, औषधाची पेटी आणि पाय चेपायला बसण्याची जागा सांभाळतात, आणि दिंड्या सरल्यावर केळीच्या साली आणि द्रोण गोळा करण्याच्या कामाला दोन्हीकडची तरुण मुले लागतात.

त्या दिवशी मला जे दिसले ते सांगण्यासाठीच हे पत्र आहे. आपल्या हद्दीत दोन वस्त्या एकमेकींना पाठ लावून राहतात. एक गावठाण आणि त्याभोवतीच्या मळ्यांची, जिथे भावकी आहे, यात्रा आहे, कोणत्या दिवशी काय करायचे याची पिढ्यानपिढ्यांची माहिती आहे. दुसरी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत उभ्या राहिलेल्या इमारतींची, जिथे विदर्भापासून कोकणापर्यंतचे आणि परराज्यांतलेही लोक आहेत, ज्यांच्याकडे हात आहेत, सुटीचा वार आहे आणि काही करण्याची इच्छाही आहे, पण कोणाला विचारावे हे माहीत नाही. ‘गाववाले’ आणि ‘सोसायटीवाले’ हे दोन शब्द आपल्याकडे सर्रास वापरले जातात आणि ते ऐकले की मला वाईट वाटते. वारीच्या एका दिवशी ही पाठ वळते. उरलेल्या दिवसांसाठी आपण काही केले पाहिजे, आणि त्याची सुरुवात जागेपासून होते.

मुले कोठे खेळतात हे आपण कोणत्याही संध्याकाळी साडेपाच वाजता फिरून पाहावे. इमारतींतील मुले वाहनतळात खेळतात आणि चेंडू कोणाच्या गाडीच्या काचेवर गेला की बोलणी खातात. गावठाणातील मुले जी मोकळी जागा दिसेल तेथे खेळतात, आणि तेथे इमारतीचा पाया खणला गेला की पुढची जागा शोधतात. राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर बांधकाम होताना दहा टक्के जागा करमणुकीसाठी मोकळी ठेवावी लागते. ती बहुतेक ठिकाणी फाटकाच्या आत असते, तेथे घसरगुंडी आणि दोन झोके असतात आणि बाहेरच्या मुलाला तेथे जाता येत नाही. मी या नियमाविरुद्ध नाही. मात्र फाटकाआडच्या शंभर लहान बागा मिळून एक सार्वजनिक मैदान होत नाही. मंतरवाडीकडच्या गोदामांत माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या कामगारांची मुले तर यांपैकी कोणत्याच फाटकाच्या आतली नाहीत.

म्हणून पहिली विनंती. नगरपरिषदेच्या ताब्यात असलेले किंवा येणारे मैदानाचे आणि उद्यानाचे भूखंड सुशोभीकरणाच्या मोठ्या प्रस्तावाची वाट पाहत कुलपात ठेवू नयेत. ‘सुशोभीकरण’ हा शब्द ऐकला की मला थोडी भीती वाटते, कारण त्यातून पुष्कळदा अशी बाग जन्माला येते की जिच्यात कारंजे बंद असते आणि हिरवळीवर जाऊ नये अशी पाटी चालू असते. आम्हाला सपाट केलेली, मुरूम टाकून दाबलेली, पाणी न साचणारी जमीन हवी आहे. कडेने करंज, कडुनिंब, वड अशी सावलीची झाडे, चार दिवे, पिण्याच्या पाण्याचा एक नळ आणि मुलींसाठी स्वच्छ, आतून कडी लागणारे स्वच्छतागृह एवढे पुरे. कबड्डीचे मैदान तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असते, व्हॉलीबॉलचे अठरा बाय नऊ मीटर, खो-खोचे सत्तावीस बाय सोळा. म्हणजे अर्ध्या एकरात ही तिन्ही मैदाने आखून झाल्यावरही कडेने चालायला आणि बसायला जागा उरते. खो-खोची पहिली नियमावली १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर बांधली गेली. त्याच पुण्याला लागून असलेल्या शहरातील मुलींना दोन खांब रोवायला जागा मिळू नये, हे मनाला पटत नाही.

दिव्यांचा आणि स्वच्छतागृहाचा उल्लेख मी सहज केलेला नाही. दहा-अकरा वर्षांपर्यंत मुली मैदानावर दिसतात आणि पुढे एकेक करून दिसेनाशा होतात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. त्यांच्या आयांना विचारले तर कोणीही ‘मुलीने खेळू नये’ असे म्हणत नाही. अंधार पडतो, जवळ सोय नाही, कोणी मोठे माणूस तेथे नसते, अशी उत्तरे मिळतात. ही तिन्ही कारणे दूर करणे आपल्या आवाक्यातले आहे.

दुसरी विनंती जागेच्या चावीविषयी आहे, आणि त्यासाठी एक जुनी हकीकत सांगते. नगरपरिषद होण्याच्या पुष्कळ आधी आम्ही दिवाळीच्या सुटीत मुलांचा एक दिवसाचा क्रीडामेळावा ठरवला. पोत्याची शर्यत, लिंबू-चमचा, लंगडी आणि दुपारी मिसळ, इतकाच बेत. त्यासाठी एक मैदान रिकामे होते आणि त्याला कुलूप होते. एका कार्यालयात अर्ज केला, त्यांनी दुसऱ्याचे पत्र आणा म्हटले, दुसऱ्याने तिसऱ्याकडे पाठवले, आणि प्रत्येक ठिकाणी अर्जाचा नमुना वेगळा. कार्यालयांची नावे लिहीत नाही, कारण तेथील माणसे वाईट वागली असे अजिबात नाही. प्रत्येकाने खुर्ची दिली, एकाने चहाही दिला, फक्त ‘हो’ म्हणण्याचा अधिकार आपल्याकडे आहे असे कोणालाच वाटत नव्हते. परवानगी अखेर मिळाली तेव्हा शाळा सुरू होऊन आठवडा झाला होता. मुलांनी पोती घरून आणून आमच्या जिन्याखाली रचून ठेवली होती. ती तशीच परत नेली.

असे पुन्हा घडू नये यासाठी आपण एक साधा ठराव करावा. नगरपरिषदेच्या मालकीची कोणतीही जागा, म्हणजे मैदान, सभागृह, समाजमंदिर किंवा व्यायामशाळेची खोली, बिगरव्यावसायिक सार्वजनिक कामासाठी मागायची असेल तर एकच पानी अर्ज असावा, तो एकाच खिडकीवर द्यावा आणि सात दिवसांत हो किंवा नाही असे लेखी उत्तर मिळावे. नकार असेल तर कारण लिहावे. थोडी अनामत घ्यावी आणि जागा झाडून परत दिली की ती त्याच दिवशी परत करावी. जिल्हा परिषदेच्या किंवा खासगी शाळांची मैदाने संध्याकाळी आणि रविवारी उघडी राहावीत यासाठी आपण स्वतः त्यांच्याशी बोलावे, कारण आमच्यासारख्यांनी विचारले तर मुख्याध्यापकांना जबाबदारीची काळजी वाटते आणि ती रास्त आहे. नगरपरिषद मध्ये उभी राहिली तर ती काळजी हलकी होईल.

याच खिडकीवर एक वही ठेवावी, वर्षभराच्या कार्यक्रमांची. आज आपल्याकडे एकाच रविवारी दोन रक्तदान शिबिरे आणि तीन ठिकाणी हळदी-कुंकू होते आणि पुढचे दोन महिने काहीच नसते. कोणी काय ठरवले आहे हे भिंतीवरच्या एका मोठ्या कागदावर सर्वांना दिसले, तर लोक आपोआप तारखा बदलतील आणि एकमेकांत मिसळतील. ध्वनिक्षेपकाचा प्रश्नही तेथेच सुटेल. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवायचे असतात आणि बारापर्यंतची सवलत वर्षात फार तर पंधरा दिवस देता येते. हे दिवस कोणते, ते वर्षाच्या सुरुवातीलाच त्या कागदावर लिहिले तर दहावी-बारावीच्या मुलांचे आईवडील आणि मंडळाचे कार्यकर्ते यांच्यात दरवर्षी होणारी कुरबुर पुष्कळ कमी होईल.

साहित्याबद्दलही एक सुचवते. गणेशोत्सव मंडळांकडे ताडपत्र्या, खुर्च्या, सतरंज्या, दिव्यांच्या माळा, पाण्याची पिंपे, लोखंडी सांगाडे असतात. हे सारे अनंत चतुर्दशीनंतर गोदामात जाते आणि पुढच्या श्रावणापर्यंत धूळ खाते. भजनी मंडळातील बारा-पंधरा आजींना दुपारी तीन ते पाच बसायला दोन सतरंज्या लागतात, त्या त्यांना भाड्याने आणाव्या लागतात. मंडळांनी स्वखुशीने आपल्या साहित्याची यादी नगरपरिषदेत द्यावी, नगरपरिषदेने ती नोंदवून ठेवावी आणि मोडतोड झाली तर दुरुस्तीची थोडी तरतूद करावी. मी दोन मंडळांच्या कार्यकर्त्यांशी याविषयी बोलले. दोघांनीही ‘काकू, घेऊन जा की, विचारता काय’ असेच उत्तर दिले. विचारायचे कोणी, एवढीच अडचण आजवर होती.

आता पैशांविषयी. गावच्या यात्रा कशा चालतात ते येथील मूळ रहिवाशांना माझ्यापेक्षा अधिक चांगले माहीत आहे. वर्गणी गोळा होते, देणाऱ्याचे नाव आणि रक्कम पुकारली जाते, सकाळी लहान मुलांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी फड सुरू होतो आणि उन्हे कलताना मोठी जोड लागते. यात्रा संपली की जमाखर्च देवळात वाचून दाखवला जातो. माझ्या माहेरच्या गावी तो कागद देवळाच्या भिंतीला चिकटवत असत, आणि शेवटच्या ओळीत ‘शिल्लक रुपये सत्तेचाळीस’ असे लिहिलेले मी लहानपणी वाचले आहे. सत्तेचाळीस रुपयांचाही हिशेब देणाऱ्या लोकांनी पुढच्या वर्षी वर्गणी द्यायला कधी कुरकुर केली नाही. नगरपरिषदेने एखाद्या महोत्सवावर किंवा क्रीडास्पर्धेवर खर्च केला तर मंडप, ध्वनिक्षेपक, बक्षिसे, जेवण अशा सुट्या ओळींचा हिशेब पंधरा दिवसांत फलकावर लावावा, ही माझी तिसरी विनंती.

तिच्याबरोबर आणखी एक, आणि ती मी सर्व पक्षांच्या सदस्यांना हात जोडून करते. सार्वजनिक पैशांतून किंवा लोकांच्या श्रमांतून होणाऱ्या कार्यक्रमात छायाचित्रांचे मोठे फलक नसावेत आणि सत्कारांना पंधरा मिनिटांची मर्यादा असावी. आपण लोकप्रतिनिधी आहात, आपला मान आहेच, आणि आपण आलात तर मुलांना आनंदच होतो. पण सकाळी आठला बोलावलेली धावण्याच्या शर्यतीतील मुले पाहुण्यांची वाट पाहत साडेदहाच्या उन्हात अनवाणी उभी राहतात तेव्हा पुढच्या वर्षी ती येत नाहीत, आणि त्यांना घेऊन येणारे त्यांचे शिक्षकही येत नाहीत.

स्वयंसेवकांविषयी लिहायचे तर पुष्कळ आहे. ‘लोक पुढे येत नाहीत’ ही तक्रार मी अनेकदा ऐकते आणि ती मला मान्य नाही. पुण्याच्या टेकड्यांवर सकाळी फिरायला जाणारी माणसे पाण्याच्या बाटल्या आणि कॅन वाहून नेऊन रोपे जगवतात, हे कोणीही जाऊन पाहू शकतो. त्यांना कोणी हुकूम दिलेला नसतो, पण काम कोणते आणि आपला वाटा किती हे प्रत्येकाला स्पष्ट माहीत असते. ‘सर्वांनी मोठ्या संख्येने उपस्थित राहावे’ या वाक्याला कोणी प्रतिसाद देत नाही, कारण त्यात कोणाचेच नाव नसते. ‘काका, रविवारी सकाळी सात ते नऊ तुम्ही पाण्याच्या पिंपापाशी थांबाल का’ असे विचारले की काका पावणेसातला हजर असतात. निवृत्त शिक्षक, परिचारिका, वीज मंडळातून निवृत्त झालेले तारतंत्री, शिवणकाम करणाऱ्या बायका, संगणकावर काम करणारी तरुण मुले, हे सारे आपल्या हद्दीत आहेत. त्यांची नावे, त्यांना येणारे काम आणि त्यांना जमणारी वेळ यांची नोंद कोठेही नाही. महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्याला वर्षाला एकशेवीस तास सेवाकार्य करायचे असते आणि सात दिवसांचे शिबिरही असते. आसपासच्या महाविद्यालयांशी नगरपरिषदेने आधीच बोलून ठेवले तर हे तास आपल्या मैदानांच्या, अभ्यासिकांच्या आणि झाडांच्या कामी येतील, आणि मुलांनाही सहीपुरते काम न मिळता खरे काम मिळेल.

मात्र स्वयंसेवक मिळाले म्हणून सफाई कामगारांची संख्या कमी करू नये. वारीनंतर रस्ता स्वच्छ होतो तो आमच्या दोन तासांमुळे होत नाही. आम्ही घरी जाऊन आंघोळ करून झोपतो तेव्हा ती माणसे दुसऱ्या पाळीला आलेली असतात. आम्ही त्यांच्या बरोबरीने काम करायचे, त्यांच्या मजुरीच्या जागी नव्हे. आणि जे कोणी विनामोबदला राबतील त्यांना हातमोजे, पिण्याचे पाणी, प्रथमोपचाराची पेटी आणि रस्त्यावरच्या कामासाठी चमकणारे जाकीट देणे ही नगरपरिषदेची जबाबदारी समजावी. जड वाहनांच्या या रस्त्यांवर कोणाचे मूल काम करायला पाठवायचे, तर त्याच्या आईला एवढी खात्री द्यावीच लागेल.

जागा द्यायची, देखरेख ठेवायची आणि रोजचे चालवणे जाणत्या माणसांकडे सोपवायचे, ही पद्धत पुण्याला नवी नाही. सारसबागेजवळच्या गरवारे बालभवनात मुले शाळेनंतर नुसती खेळायला जातात आणि प्रशिक्षित ताया त्यांना खेळवतात. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला ऐकायला पुणेकर दीडशे वर्षे स्वतःहून जात आले आहेत. या गोष्टी कोणा एका नेत्याच्या कार्यकाळापुरत्या टिकल्या नाहीत, कारण त्या मागे बसून काम करणाऱ्यांच्या हाती राहिल्या. आपल्याकडे एका सभागृहात उन्हाळ्याच्या सुटीत रोज दोन तास बालभवन आणि संध्याकाळी आठवड्यातून एक व्याख्यान एवढ्याने प्रारंभ करता येईल. सभागृहात चाकाच्या खुर्चीसाठी उतार आणि कठडा मात्र पहिल्याच दिवशी असावा. दिव्यांगांसाठी राखून ठेवायच्या पाच टक्के निधीतून तो सहज होईल.

शेवटची विनंती बोलण्याच्या जागेविषयी आहे. ग्रामपंचायत होती तेव्हा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा भरत असे. तिच्यात गोंधळ व्हायचा, भाऊबंदकीही निघायची, पण कोणत्याही म्हाताऱ्या माणसाला उभे राहून सरपंचाला विचारता येत असे. महानगरपालिकेत गेल्यावर ती गेली. नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेत आम्हाला बोलता येत नाही, हे कायद्याप्रमाणेच आहे. तरी वर्षातून दोनदा, एकदा फुरसुंगीत आणि एकदा उरुळी देवाचीत, मैदाने, सण, स्वयंसेवा आणि कार्यक्रमांचा हिशेब या विषयांपुरती नागरिकांची खुली बैठक आपण घेऊ शकता. तिला कोणताही कायदा आडवा येत नाही. तेथे गावातील आणि इमारतींतील माणसे एका सतरंजीवर बसतील.

आमच्या बाजूने आम्ही काय करू शकतो ते येथे लिहून देते. भेकराईनगर आणि गावठाण मिळून आम्ही बावीस जण आहोत, त्यांत नऊ स्त्रिया. प्रत्येकाने महिन्यातले सहा तास द्यायचे कबूल केले आहे. एक मैदान उघडायला आणि बंद करायला, तेथे रोज संध्याकाळी दोन मोठी माणसे हजर ठेवायला, कार्यक्रमांची वही पहिले वर्षभर लिहायला आणि दर महिन्याला तिची प्रत नगरपरिषदेत आणून द्यायला आम्ही तयार आहोत. आमच्यात एक निवृत्त क्रीडाशिक्षक आहेत, ते मुलींचा खो-खो शिकवतील. पुढच्या वारीसाठी आपण वैशाखातच एक बैठक बोलावली, तर पाणी कोठे, स्वच्छतागृहे कोठे, उपवासाचे कोण काय करणार आणि रस्ता कोण केव्हा झाडणार हे आधीच ठरेल. त्या बैठकीला ताक आमच्याकडून.

बावीस जणांची नावे, जमणारे वार आणि वेळा यांचा सह्यांनिशी कागद या पत्राच्या प्रतीसोबत नगरपरिषदेच्या आवक विभागात दिला आहे.

आपली नम्र,
भेकराईनगर येथील एक रहिवासी